प्लायचा वॉफल बाक: ग्रासहॉपरपासून सीएनसीच्या टेबलापर्यंत, योग्य क्रमाने

पॅरामेट्रिक मॉडेल, म्हणजे आकडे बदलले की आकार बदलणारं मॉडेल, स्क्रीनवर छान हलतं, रेंडरही देखणं येतं आणि कापून आणलेले तुकडे मात्र एकमेकांत बसत नाहीत. आर्किटेक्चरचे विद्यार्थी आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले आर्किटेक्ट, दोघांचंही गाडं इथेच अडतं. खापर मशीनवर किंवा ऑपरेटरवर फुटतं, पण बहुतेक वेळा चूक कामाच्या क्रमात असते. आधी आकार, मग रिब, मग खाचा, आणि प्लायची जाडी सगळ्यात शेवटी, तीसुद्धा बिलावर छापलेली. इथे क्रम उलटा आहे. प्लाय, बिट आणि शीट आधी, आकार नंतर.

उदाहरणासाठी एकच वस्तू घेऊ: प्लायवुडचा लाटेसारखा बाक, वॉफल पद्धतीचा, म्हणजे उभ्या फळ्या (रिब) खाचांनी एकमेकींत अडकवून केलेल्या जाळीचा. खोलीच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे, बसणाऱ्या रिबना 'ए' म्हणू आणि लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तीन रिबना 'बी'. 'बी'च्या खाचा वरून उघड्या, 'ए'च्या खालून उघड्या, म्हणजे 'ए' रिब वरून खाली सरकवून बसवायच्या. बसायची कड 'ए'ची, ती अखंड राहायला हवी म्हणून ही दिशा. बैठकीची उंची ४२० ते ४८० मिमी. बाकीची मापं पुढे ठरतील, ती आत्ताच ठरवायची घाई नको.

राइनो (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) आणि त्यातलं ग्रासहॉपर (पॅरामेट्रिक मॉडेलसाठीचं) साधारण येतं, असं गृहीत धरलं आहे. मशीन म्हणजे तीन अक्षांचा सीएनसी राऊटर, संगणकाच्या हुकमावर फिरत्या बिटने (पात्याने) कापणारा; बिट ६ मिमीचं.

## टप्पा १: प्लाय विकत घ्या आणि मोजा

मॉडेल उघडण्याआधी हे करायचं. '१८ एमएम' म्हणून मिळणारं प्लाय प्रत्यक्षात १८ मिमी असेलच असं नाही. १७.२, १७.४, १७.६ असं काहीही निघतं, आणि एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांतही फरक असतो. वॉफलमध्ये ०.३ मिमीचा फरक म्हणजे घट्ट आणि ढिल्या सांध्यातला फरक.

सगळी शीट एकाच लॉटमधून घ्या. प्रत्येक शीट व्हर्निअर कॅलिपरने चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य अशी आठ ठिकाणी मोजा. मेजर टेपने नाही. आकडे शीटवरच पेन्सिलीने लिहा आणि शीटला नंबर द्या. बाक आत ठेवायचा असेल तर एमआर (ओलावा सोसणारं) ग्रेड चालतं. पाण्याशी जास्त संबंध येणार असेल तर बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारं) किंवा त्याहून वरचं घ्या. पावसाळ्यात गोदामातून आणलेलं प्लाय दोन-तीन दिवस कामाच्या जागेत, सपाट, खाली बॅटन ठेवून मुरू द्या आणि मग मोजा.

ग्राहकाला सनमायका हवा आहे का, हे याच टप्प्यावर विचारा. १ मिमीचा लॅमिनेट दोन्ही बाजूंनी लावला की रिबची जाडी २ मिमीने वाढते, वर गोंदाचा थर वेगळा. लॅमिनेट कापण्याआधी लावायचं असेल तर लावून झाल्यावर मोजा. कापल्यानंतर लावायचं असं कोणी म्हणालं तर वॉफलसाठी ठाम नकार द्या, कारण एकही खाच बसणार नाही.

तपासा: सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ मोजमापात ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक आहे का? असेल तर जाडीप्रमाणे शीटचे दोन गट करा, एक 'ए' रिबसाठी, एक 'बी'साठी. मॉडेल दोन जाड्या पेलू शकतं, ते पुढे येईलच.

## टप्पा २: जिथे कापणार, तिथे आधी बोला

ऑपरेटरशी दहा मिनिटं बोललात तर पुढचं बरंच काम वाचतं. त्याला एवढं विचारा:

- बिट किती मिमीचं, आणि अपकट (चुरा वर ओढणारं), डाउनकट (खाली ढकलणारं) की कॉम्प्रेशन (दोन्ही)?
- बेडवर पूर्ण ८ बाय ४ ची शीट बसते का? कडेने किती जागा सोडायची?
- शीट व्हॅक्यूमने धरता की स्क्रूने? स्क्रू असतील तर कुठे?
- फाईल कोणत्या स्वरूपात हवी आणि टूलपाथ (बिटचा मार्ग) कशात काढता: व्हीकार्व्ह, अस्पायर, जुनं आर्टकॅम?
- बिटच्या त्रिज्येचा ऑफसेट (बिट रेषेपासून तेवढं बाजूला सरकवणं) तुम्ही देता की मी द्यायचा?

शेवटच्या प्रश्नावर सगळ्यांत जास्त माल फुकट जातो. राऊटरच्या कामात ऑफसेट जवळजवळ नेहमी ऑपरेटर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये देतो आणि तुम्ही तयार तुकड्याची खरी रेषा द्यायची असते. तुम्हीही ३ मिमी आत-बाहेर केलं आणि त्यानेही केलं, की प्रत्येक खाच ६ मिमीने चुकली. लेझरवर प्रथा वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी दिलेल्या रेषेवरच किरण चालवतात. म्हणून गृहीत धरू नका. विचारा आणि उत्तर लेखी ठेवा, व्हॉट्सॲपवर असलं तरी चालेल.

## टप्पा ३: शीटवरून बाकाची मापं ठरवा

आता आकडेमोड, कॅल्क्युलेटरवर. शीट २४४० बाय १२२० मिमी. चारही कडांना १५ मिमी सोडले तर वापरायला २४१० बाय ११९० मिमी मिळतात. दोन तुकड्यांमध्ये बिटच्या दुप्पट, म्हणजे १२ मिमी अंतर. ग्रेन, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, शीटच्या लांबीच्या दिशेने असतो आणि रिबही त्याच दिशेने ठेवायच्या, म्हणून तुकडे फक्त १८० अंशात फिरवता येतील, ९० अंशात नाही.

बाकाची लांबी: 'बी' रिब एका शीटमधून अखंड निघायला हवी. २४०० मिमी कागदावर बसते, पण दोन्ही टोकांना मिळून सुटतात जेमतेम १० मिमी. शीटचा कोपरा दबलेला निघाला की संपलं. २३०० मिमी घ्या.

खोली: सवयीने ६०० मिमी घेतली जाते. एका ओळीत चार 'ए' रिब ठेवायच्या तर ४ गुणिले ६०० म्हणजे २४००, त्यात तीन फटींचे ३६, एकूण २४३६. बसत नाही. ओळीत तीनच आल्या, दोन ओळींत शीटमागे सहा. खोली ५९० केली तर एकूण २३९६ होतात आणि शीटमागे आठ रिब निघतात. बसणाऱ्याला १० मिमी कळणारही नाहीत, पण ४५ रिबना आठऐवजी सहा शीट पुरतात.

आता रिबची संख्या. पहिली रिब ५० मिमीवर, शेवटची २२५० वर, ५० मिमीच्या अंतराने ४५ होतात. तीन 'बी' रिबना दोन शीट लागतात आणि दुसऱ्या शीटचा उरलेला अर्धा भाग एका ओळीच्या चार 'ए' रिब सामावतो. म्हणजे 'ए'च्या पाच शीटमधून ४० आणि इथून ४, एकूण ४४. पंचेचाळिसाव्या एका रिबसाठी आठवी शीट घ्यावी लागते! ४४ रिब घेतल्या तर अंतर ५१.१६ मिमी होतं आणि काम सात शीटमध्ये आटोपतं. म्हणून अंतर स्लायडरवर ठेवू नका. संख्या स्लायडरवर ठेवा आणि अंतर त्यातून काढा.

## टप्पा ४: ग्रासहॉपरची फाईल, पॅरामीटरपासून

राइनोत युनिट मिलिमीटर, ॲब्सोल्यूट टॉलरन्स ०.०१. हे फाईल सुरू करतानाच करा. मध्येच युनिट बदललं की स्केल करायचं का, असं राइनो विचारतो आणि घाईत चुकीचं बटण दाबलं जातं.

कॅनव्हासच्या डाव्या कडेला एका ग्रुपमध्ये सगळे आकडे एकत्र ठेवा:

१. 'ए' रिबची मोजलेली जाडी
२. 'बी' रिबची मोजलेली जाडी
३. सांध्याची सूट, सध्या ०.३ मिमी
४. बिटचा व्यास
५. लांबी २३००, खोली ५९०
६. 'ए' रिबची संख्या ४४, पूर्णांक स्लायडर
७. 'बी' रिबच्या तीन जागा: खोलीत १००, २९५ आणि ४९० मिमीवर
८. खाचेचं प्रमाण, सध्या ०.७

जाडी दोन वेगळ्या स्लायडरवर का? 'ए'मधल्या खाचेची रुंदी 'बी'च्या जाडीवर ठरते आणि 'बी'मधल्या खाचेची 'ए'च्या जाडीवर. एकच आकडा दोन्हीकडे वापरला तर शीटचे दोन गट असताना एका बाजूचा सांधा नेहमी चुकतो.

सावधान: एखादा आकडा दुसरीकडे कुठे थेट टाइप केलेला नको. एक्सप्रेशनमध्ये लपलेलं '१८' हा या फाइलींचा नेहमीचा आजार आहे. जाडीचे दोन्ही स्लायडर १७.४ वरून २५ वर नेऊन बघा. प्रत्येक खाच रुंद झाली पाहिजे. एक जरी जागची हलली नाही, तर तिथे आकडा अडकला आहे.

## टप्पा ५: बैठकीचा आकार

हा टप्पा पटकन उरकतो. चार-पाच सेक्शन कर्व्ह, लॉफ्ट, खाली जमिनीची पातळी शून्यावर. लॉफ्ट शक्य तितका साधा ठेवा. 'ए' रिबच्या जागी उभी प्लेन लावून सेक्शन काढा, जमिनीची रेषा आणि दोन्ही बाजू जोडून बंद कर्व्ह करा. 'बी'साठीही तेच.

तपासा: ४४ आणि ३ बंद कर्व्ह मिळाले का? एकही उघडा असेल तर पुढे जाऊ नका. उघड्या कर्व्हवर रीजन डिफरन्स (एका आकारातून दुसरा वजा करणं) नीट चालत नाही आणि चूक तीन टप्प्यांनंतर सापडते.

एक गोष्ट इथेच ठरवून टाका: सगळ्या रिब उभ्या आणि एकमेकींना काटकोनात. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातलं २०११ चं मेट्रोपोल पॅरासोल एवढं वळणदार दिसतं, तरी त्याची जाळी दीड मीटरची आणि काटकोनीच आहे. रिब तिरक्या किंवा पंख्यासारख्या पसरवायच्या असतील तर खाचेची रुंदी बदलते, कारण राऊटर सरळ उभाच कापतो. रुंदी अशी काढा: समोरच्या रिबची जाडी भागिले कोनाची साइन, अधिक स्वतःची जाडी भागिले कोनाचा टॅन्जंट. दोन्ही रिब १७.४ मिमीच्या आणि कोन ६० अंशांचा असेल तर खाच सुमारे ३०.१ मिमीची लागते. म्हणजे जाडीच्या सुमारे पावणेदोन पट, आणि सांधा दोन कडांवरच टेकतो. पहिल्या कामात काटकोन सोडू नका.

## टप्पा ६: खाचा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

छेदनरेषा कशा काढायच्या. 'ए' आणि 'बी' रिबचे सरफेस एकमेकांत छेदून रेषा काढायची पद्धत सोपी वाटते, पण त्यात दोन खोड्या आहेत. मिळणाऱ्या रेषेची दिशा ठरलेली नसते, काही खालून वर जातात, काही वरून खाली. मग काही खाचा उलट्या बाजूने उघडतात. शिवाय डेटा ट्रीला नको असलेली जादा पातळी चिकटते. त्यापेक्षा बिंदू स्वतः तयार करा. 'ए'च्या एक्स जागा ग्राफ्ट करा, 'बी'च्या वाय जागा साध्या यादीत ठेवा, दोन्ही कन्स्ट्रक्ट पॉइंटला द्या. ४४ फांद्या, प्रत्येकीत ३ बिंदू. प्रत्येक बिंदू उभा वर बैठकीच्या सरफेसवर प्रोजेक्ट केला की त्या जागेची उंची मिळते. रेषा नेहमी शून्यापासून वर जाते, दिशेचा गोंधळच नाही.

ट्री उलटायची. हे बिंदू 'ए' रिबसाठी जसेच्या तसे वापरायचे. 'बी'साठी फ्लिप मॅट्रिक्स लावा: ३ फांद्या, प्रत्येकीत ४४. इथे फ्लॅटन करून काम भागवण्याचा मोह होतो. फ्लॅटन केलं की कुठली खाच कुठल्या रिबची हेच हरवतं, आणि खाचा भलत्याच रिबवर जाऊन बसतात.

तपासा: पॅरम व्ह्यूअर लावून आकडे वाचा. ४४ गुणिले ३ आणि ३ गुणिले ४४. याखेरीज दुसरं काही दिसलं तर मागे जा.

खाच किती खोल. निम्मी इकडे, निम्मी तिकडे असं सगळीकडे शिकवलं जातं. या बाकात ते घातक आहे. 'बी' रिबवर दर ५१ मिमीला खाच आहे, म्हणजे दोन खाचांमध्ये जेमतेम ३३ मिमीचा दात उरतो. निम्मी खोली घेतली तर तो दात सव्वादोनशे मिमी उंच होतो, आणि प्लायचा वरचा ग्रेन त्या दाताला आडवा जातो. कंगव्याचे दात तुटावेत तसे हे टेम्पोतच तुटतात. 'ए' रिबवर मात्र तीनच खाचा आहेत, तिच्यात भरपूर माल शिल्लक असतो. म्हणून प्रमाण ०.७ ठेवलं: 'ए'मध्ये खालून ७० टक्के, 'बी'मध्ये वरून ३० टक्के. 'बी'चा दात साधारण १३५ मिमीवर येतो.

दोन्ही खाचा खोलीत ०.५ मिमी जास्त घ्या. नाहीतर खाचेचे तळ आधी टेकतात, एक रिब जमिनीला लागतच नाही आणि बाक डुगडुगतो.

कापायचा आयत. खाचेचा आयत रिबच्या कडेबाहेर १० मिमी जाऊ द्या. तो कडेशी बरोबर जुळवला तर बुलियनमध्ये केसाएवढी पट्टी उरते, किंवा काहीच कापलं जात नाही. आयत रिबच्या प्लेनमध्येच काढा आणि रीजन डिफरन्सला ती प्लेन आवर्जून द्या.

डॉगबोन. गोल बिटने आतला काटकोन कापता येत नाही. ६ मिमीच्या बिटने कोपऱ्यात ३ मिमीची गोलाई राहते आणि समोरची रिब तिथे अडते. म्हणून खाचेच्या आतल्या दोन्ही कोपऱ्यांत वर्तुळ जोडायचं. त्रिज्या ३.१ मिमी घ्या, बरोबर ३ नको. बिटच्या मापाएवढ्याच वर्तुळात बिट शिरू शकत नाही असं समजून काही सॉफ्टवेअर ते वर्तुळ सरळ वगळतात. केंद्र खाचेच्या आत, कोपऱ्यापासून दोन्ही दिशांना त्रिज्या भागिले १.४१४ इतक्या अंतरावर. वर्तुळ बरोबर कोपऱ्यातून जातं. आयत आणि वर्तुळं आधी रीजन युनियनने एक करा, मगच रिबमधून वजा करा.

तपासा: कुठल्याही तीन रिब निवडून खाचेची रुंदी राइनोत डायमेन्शन लावून मोजा. समोरच्या रिबची जाडी अधिक सूट, इतकीच आली पाहिजे.

## टप्पा ७: चाचणीचा तुकडा

पूर्ण फाईल पाठवण्याआधी त्याच मशीनवर, त्याच बिटने, त्याच प्लायच्या तुकड्यावर एक पट्टी कापून घ्या. पट्टीत आठ खाचा: पहिली मोजलेल्या जाडीइतकी, पुढची प्रत्येक ०.१ मिमीने रुंद, शेजारी तिचं माप कोरलेलं. डॉगबोनसकट. प्लायचा दुसरा तुकडा प्रत्येकीत बसवून बघा.

हाताच्या दाबाने बसतो आणि उलटं धरल्यावर पडत नाही, ती खाच एका सांध्यासाठी बरोबर. पण 'ए' रिब एकाच वेळी तीन सांध्यांत उतरते आणि तिन्हीकडचं घर्षण एकत्र येतं. म्हणून आवडलेल्या मापाच्या ०.१ मिमी पुढचं माप घ्या आणि तो फरक सूट म्हणून स्लायडरवर टाका. पॉलिश आधी करणार असाल तर चाचणीचा तुकडाही पॉलिश करून बसवा.

छोटं मॉडेल लेझरवर करायचं असेल, समजा १:१० मध्ये, तर आकार लहान करा पण जाडी नाही. १७.४ चा दहावा भाग १.७४ मिमी, तसा बोर्ड बाजारात मिळत नाही. हातातला बोर्ड मोजा, तो आकडा जाडीच्या स्लायडरवर टाका. लेझर किती मटेरिअल खातो तेही काढा: १०० मिमीची पट्टी कापून तिचे नऊ आडव्या कापांनी दहा तुकडे करा, ते चिकटून ठेवा आणि एकूण लांबी मोजा. जितके मिमी कमी भरले, भागिले दहा (नऊ आडवे काप, आणि पट्टीच्या दोन टोकांचे अर्धे-अर्धे मिळून दहावा), तेवढा एक काप.

## टप्पा ८: आडवं पाडणं, नावं, नेस्टिंग

प्रत्येक रिब तिच्या प्लेनवरून एक्सवाय प्लेनवर ओरिएंट करा. सगळ्या रिब एकाच बाजूने पाडा, म्हणजे वर दिसणारा चेहरा नेहमी बाकाच्या डाव्या टोकाकडचा असेल. आरशासारखी उलटी पडलेली रिब ओळखणं अवघड असतं, कारण ती जवळजवळ बसते.

नाव प्रत्येक तुकड्यावर हवंच. शेजारच्या दोन रिबमध्ये फरक असतो दोन-तीन मिमीचा, डोळ्यांनी ओळखता येत नाही. नाव खालच्या भागात, बैठकीपासून दूर, अर्धा ते एक मिमी खोल. साध्या फाँटची बाह्यरेषा देऊ नका, सिंगल-लाइन फाँट वापरा. राइनोसोबत येणाऱ्या अशा फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून नावं रोमन अक्षरात आणि आकड्यांत ठेवा. नंबर दोन अंकी: शून्य एक, शून्य दोन. नाहीतर यादीत एकनंतर दहा येतो.

नेस्टिंगसाठी, म्हणजे तुकडे शीटवर दाटीने मांडण्यासाठी, ओपननेस्टसारखा प्लगइन चालतो. फिरवण्याची मुभा फक्त ० आणि १८० अंश द्या. स्क्रूच्या जागा आधी रिकाम्या ठेवा, कारण बिट स्क्रूवर आदळलं तर बिट तुटतं आणि तुकडा उडतो.

तपासा: नेस्टिंगनंतर तुकडे मोजा. ४७. त्यांचं नाव तुकड्याच्या आतच आहे ना, हेही बघा. नाव आणि रिब वेगवेगळ्या यादीत असतील तर नेस्टिंगमध्ये रिब जाते आणि नाव मागे राहतं.

## टप्पा ९: फाईल देणं

बेक करताना लेयर वेगळे: बाहेरची कड, आतले काप असतील तर ते, कोरीवकाम. लेयरच्या नावात खोली लिहा. मग राइनोत या क्रमाने जा:

१. सेलडप चालवा. दुहेरी रेषा असतील तर काढा, नाहीतर मशीन एकच रेघ दोनदा कापतं.
२. सेलओपनसीआरव्ही चालवा. कड आणि कापाच्या लेयरवर एकही उघडा कर्व्ह नको. कोरलेली नावं उघडीच असतात, ती सोडा.
३. सगळं झेड शून्यावर आहे ना, ते फ्रंट व्ह्यूमध्ये बघा.
४. स्प्लाइनचे आर्क करा, टॉलरन्स ०.०५. बारीक तुकड्यांची पॉलीलाइन दिली तर मशीन वळणावर अडखळतं आणि कड खरखरीत येते.
५. कोपऱ्यात १०० बाय १०० मिमीचा चौकोन वेगळ्या लेयरवर ठेवा आणि डीएक्सएफ एक्सपोर्ट करा.
६. ती डीएक्सएफ नव्या फाईलमध्ये परत उघडा आणि चौकोन मोजा.

चौकोनाबद्दल ऑपरेटरलाही सांगा. त्याच्याकडे तो २५४० मिमी दिसला तर फाईल इंचात उघडली आहे.

फाईलसोबत एक पानाची पीडीएफ द्या: शीटचे नंबर, प्रत्येक शीटची मोजलेली जाडी, तुकड्यांची संख्या, आणि 'ऑफसेट तुम्ही द्यायचा, रेषा तयार मापाच्या आहेत' हे वाक्य.

## टप्पा १०: मशीनजवळ

जमेल तर पहिल्या शीटला स्वतः हजर राहा. झेडचं शून्य बेडवरून घ्यायला सांगा, शीटच्या वरच्या पृष्ठभागावरून नाही. जाडी जागोजागी बदलत असल्यामुळे वरून शून्य घेतलं की कुठे काप अपुरा राहतो, तर कुठे बेड खणला जातो. ६ मिमी बिटला साधारण तीन फेऱ्या पुरतात, शेवटची बेडमध्ये ०.२ ते ०.३ मिमी. क्रम: आधी कोरीवकाम, मग आतले काप, बाहेरची कड सगळ्यांत शेवटी. कड आधी कापली की तुकडा हलतो. व्हॅक्यूम नसेल तर टॅब (तुकड्याला शीटशी धरून ठेवणारे न कापलेले छोटे भाग) ठेवायला सांगा, पण खाचेच्या आत नकोत, कारण तिथला टॅब घासून सपाट करणं कठीण जातं.

स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या मोटरचा) वेग आणि फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) ऑपरेटरवर सोडा. हिशोब माहीत असावा इतकंच: आवर्तनं गुणिले धारा गुणिले एका धारेचा काप. १८,००० आवर्तनं, दोन धारा आणि ०.१५ मिमी धरले तर फीड मिनिटाला ५,४०० मिमी. कडा काळ्या पडत असतील तर फीड कमी आहे किंवा बिट बोथट झालंय, हे त्याला नक्की सांगा.

पहिल्या शीटमधून दोन 'ए' रिब निघाल्या की त्यांच्या खाचेत 'बी'च्या शीटचा तुकडा घालून बघा. पुढची शीट त्यानंतरच लावायची.

## टप्पा ११: जोडणी

खाचांच्या आतले धागे १५० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, पण खाच घासून रुंद करू नका. पॉलिश आधी करायचं असेल आणि चाचणी पॉलिश न केलेल्या तुकड्यावर झाली असेल, तर प्रत्येक खाचेच्या सरळ रेषेत, समोरच्या रिबच्या खाचेत उतरणाऱ्या भागावर, दोन्ही चेहऱ्यांना रिबच्या जाडीएवढ्या पट्ट्यात मास्किंग टेप लावा.

तिन्ही 'बी' रिब सपाट जमिनीवर उभ्या धरा. त्यासाठी दोन माणसं लागतात. पहिली, बावीसावी आणि चव्वेचाळिसावी 'ए' रिब आधी बसवा, म्हणजे सांगाडा स्वतः उभा राहतो आणि काटकोनात येतो. मग मधल्या दोन्ही बाजूंना भरत जा. एका टोकापासून ओळीने बसवत गेलात तर 'बी' रिब हळूहळू वाकतात आणि शेवटच्या दहा रिब बसायला नकार देतात. रबरी हातोडा आणि मध्ये लाकडाचा तुकडा. ठोकताना तिन्ही सांध्यांवर आळीपाळीने, एकाच ठिकाणी नाही.

एखादी रिब अर्ध्यावर अडली तर जोर लावू नका. बाहेर काढा, नाव वाचा, चेहरा उलटा तर नाही ना ते बघा. तेही बरोबर असेल तर त्या तुकड्याची जाडी मोजा. सगळ्या बसल्यावर बाक उलटा करा, प्रत्येक 'बी' रिबखाली टोकांना आणि मध्ये नायलॉनचे पॅड ठोका, सुलटा करा आणि डुगडुगत नाही ना ते बघा. गोंद हवा असेल तर तो फक्त दोन्ही टोकांच्या 'ए' रिबना, खालच्या बाजूने. मधल्या सुट्या राहिल्या तर पुढे एखादी मोडल्यावर तेवढीच नवी कापून बसवता येते. त्यासाठी ग्रासहॉपरची फाईल अंतिम आकड्यांसह जपून ठेवा. नवी रिब कापायच्या वेळी नव्या शीटची जाडी पुन्हा मोजावी लागेल. ती जुन्यापेक्षा जास्त भरली तर 'बी'च्या खाचा आता बदलता येणार नाहीत, म्हणून नव्या रिबचा खाचेत उतरणारा भाग दोन्ही चेहऱ्यांवरून सारखा घासून पातळ करून घ्या.